वाळू तोंडाशीच का बसते? प्रॉपंटच्या मॉडेलमधलं जुनं दुखणं

दर वर्षी पावसाळ्यात आमच्या बाणेरच्या ऑफिसात नवी मुलं रुजू होतात, आणि गणपती यायच्या आत त्यांच्यातलं कुणीतरी लॅपटॉप उघडा धरून माझ्या टेबलापाशी येतं. स्क्रीनवरचं चित्र ठरलेलं. डावीकडून खडकातल्या भेगेत स्लरी, म्हणजे द्रवात मिसळलेली वाळू, शिरतेय आणि शिरल्या शिरल्या सगळी वाळू तोंडाशीच ढीग करून बसलीय. पुढची अख्खी भेग निळीशार, नुसत्या पाण्याची. प्रश्नही ठरलेला: "सर, सॉल्व्हर बदलून बघू का?"

नको. सॉल्व्हरला, म्हणजे समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रॅमला, हात लावण्याआधी काय काय बघायचं ते इथे एकदाचं लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात तोंडाची वाफ दवडायला नको.

विषय नवा असलेल्यांसाठी थोडक्यात. घट्ट खडकातला वायू किंवा तेल सहजी बाहेर येत नाही, म्हणून विहिरीतून प्रचंड दाबाने द्रव घुसवून खडकाला भेग पाडतात. अमेरिकेत कॅन्ससच्या ह्यूगोटन वायुक्षेत्रात १९४७ साली हा प्रयोग पहिल्यांदा झाला. आपल्याकडे राजस्थानात बाडमेरजवळच्या रागेश्वरी वायुक्षेत्रात हे काम चालतं. पंप बंद केला की भेग मिटायला लागते. ती मिटू नये म्हणून द्रवाबरोबर टेकू पाठवायचा, तो टेकू म्हणजे प्रॉपंट. बहुतेकदा वाळू, कधी सिरॅमिकचे दाणे. टेकू जिथवर पोचला तिथवरच भेग कामाची. त्यामुळे आपल्या मॉडेलने वाळू तोंडाशी बसवली तर ते मॉडेल सांगतंय की लाखो रुपयांची भेग फुकट गेली. खरंच गेली का, हे ठरवायला आधी कागद लागतो.

आधी कागद

एकटा दाणा स्थिर पाण्यात किती वेगाने खाली जातो, हे हाताने काढा. सगळ्यांना स्टोक्सचं सूत्र पाठ असतं: घनतेतला फरक, गुणिले गुरुत्वाकर्षण, गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले व्हिस्कॉसिटीच्या (द्रवाच्या दाटपणाच्या) अठरा पट. २०/४० ची वाळू घेऊ, म्हणजे ८५० मायक्रॉनच्या चाळणीतून पडणारी आणि ४२५ च्या चाळणीवर अडणारी. व्यास सरासरी ०.६ मिमी, घनता २,६५० किलो प्रति घनमीटर, द्रव साधं पाणी. उत्तर येतं सेकंदाला ३२ सेंटीमीटर.

दिसायला काही वावगं नाही, आणि गोम तिथेच आहे. त्याच वेगावर दाण्याचा रेनॉल्ड्स क्रमांक, म्हणजे प्रवाहाच्या जडत्वाचं द्रवाच्या दाटपणाशी गुणोत्तर, काढा. तो येतो १९४. स्टोक्सचं सूत्र चालतं ते हा आकडा १ च्या बराच खाली असेल तेव्हा. म्हणजे सूत्राने स्वतःच सांगितलं की मला इथे वापरू नका, आणि आपण ते ऐकलं नाही. शिलर आणि नाउमान यांचं १९३३ चं ड्रॅगचं, म्हणजे द्रवाच्या विरोधाचं, सूत्र घ्या. वेग अंदाजे धरायचा, त्यावरून रेनॉल्ड्स, त्यावरून ड्रॅग, त्यावरून पुन्हा वेग. चार-पाच फेऱ्यांत आकडा स्थिरावतो, एक्सेलच्या एका ओळीत मावतो. उत्तर साधारण ९.५ सेंटीमीटर प्रति सेकंद. जवळजवळ साडेतीन पटींचा फरक.

आता हा फरक चित्रात कसा दिसतो ते बघा. आमच्याकडे तपासणीसाठी एक उभी फट आहे: दोन अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्यांमध्ये ५ मिमी जागा, उंची ३० सेंटीमीटर, लांबी १.२ मीटर. पाण्याचा आडवा वेग सेकंदाला १० सेंटीमीटर ठेवायचा तर मिनिटाला ९ लिटर लागतं, कूलरचा पंपसुद्धा पुरतो. स्टोक्सच्या हिशेबाने अगदी वरून निघालेला दाणा ९ सेंटीमीटर पुढे जाईतो तळ गाठतो. नीट हिशेबाने तोच दाणा ३० सेंटीमीटरच्या पुढे पडतो. तोंडाशी ढीग का झाला, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

कागदावर विश्वास नसेल तर मेजरिंग सिलिंडर घ्या. गेल्या वर्षी एका मुलीने हे ऐकूनही मान हलवली नाही, म्हणून आम्ही करूनच बघितलं. नदीची वाळू हाताशी नव्हती, शेजारच्या बांधकामावरून पिशवीभर क्रश सँड आणली. ती पहिल्यांदा पाण्यात टाकली तर सिलिंडर असा गढूळला की काही दिसेना. दगडाची भुकटी निवळायला चार तास गेले. मग चाळली, तीनदा धुतली, वाळवली, ८५० आणि ४२५ च्या मधली वेगळी काढली. एकेक दाणा चिमट्याने पाण्याखाली धरून सोडायचा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपायचं. ३० सेंटीमीटरला साडेतीन ते चार सेकंद. स्टोक्स म्हणतो एकाही सेकंदाची गरज नाही. आपल्याकडची क्रश सँड बेसॉल्टची, वाळूपेक्षा जड. गोल असती तर तीन सेकंदांच्या आत पोचली असती. पण तिचे दाणे चपटे, कोनेदार, भिंगरीसारखे गिरक्या घेत उतरतात. प्रॉपंटच्या वाळूला मात्र गोलाई आणि गोटीपणा, दोन्हीचं किमान ०.६ चं मानक आहे. मॉडेलमध्ये गोल दाण्याचं सूत्र घालून प्रयोगात कोनेदार वाळू वापरली की पुन्हा आकडे जुळत नाहीत, आणि पुन्हा सॉल्व्हरला शिव्या.

मग इनपुटची फाइल

इथे माणसं किती तऱ्हेने घसरतात ते सांगतो.

व्हिस्कॉसिटी सेंटिपॉइजमध्ये मिळते, सॉफ्टवेअर मागतं पास्कल-सेकंद. पाण्याची १ म्हणजे ०.००१. हजारपटीची ही चूक लगेच कळते, वाळू मधात अडकल्यासारखी लटकते. घनतेची चूक कळत नाही. गोणीतल्या वाळूची घनता साधारण १,६०० असते, कारण दाण्यांमध्ये हवा असते. दाण्याची स्वतःची २,६५०. कुणी १,६०० घातली तर पाण्यापेक्षा जडपणा १,६५० ऐवजी ६०० उरतो आणि वाळू हलकी होते. स्टोक्सने पळवलेली वाळू या चुकीने परत आवरली जाते, आणि उत्तर बरोबर असल्यासारखं दिसतं. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेतात ती ही जागा. नंतर कुणी एक दुरुस्त केली की मॉडेल बिघडतं, आणि दुरुस्त करणाऱ्यालाच बोल लागतो.

वाळूचं प्रमाण विहिरीवरून कळवलं जातं ते पौंडात, दर गॅलन स्वच्छ द्रवामागे. एक पौंड म्हणजे घनमीटर द्रवात सुमारे १२० किलो, आणि स्लरीतला वाळूचा आयतनाचा वाटा ४.३ टक्के. गॅलन द्रवाचा की स्लरीचा, हे विचारून घ्या.

आता व्यास. 'मेश' म्हणजे वाळूच्या चाळणीचा आकडाही आणि गणितासाठी भेगेचे तुकडे पाडणारी जाळीही. या शब्दाने आमच्याकडे एकदा गंमत केली. मी एकाला म्हटलं, "मेश बारीक कर." तो गेला, दुसऱ्या दिवशी हसत आला: "सर, जमलं, वाळू पुढे जातेय." त्याने गणिताची जाळी तशीच ठेवून ४०/७० च्या वाळूऐवजी १०० मेशची वाळू घातली होती! जाईलच की पुढे.

पण व्यासाची खरी फसवणूक पार्सलमध्ये असते. ०.६ मिमीचा दाणा धरला तर एक किलो वाळूत सुमारे ३३ लाख दाणे होतात. एवढे दाणे एकेक करून कुणी मोजत नाही, म्हणून शंभरेक दाण्यांचं एक पार्सल करून तेच हलवतात. पार्सल दिसायला मोठा दाणा असतो, पण त्यावरचा ड्रॅग मूळ दाण्याच्या व्यासाने काढायला हवा. पाचपट व्यासाच्या पार्सलला त्याचाच व्यास लावला तर मंद प्रवाहात बसण्याचा वेग पंचवीसपट होतो. तोंडाशी ढीग आणि तोही भिंतीसारखा उभा, असं चित्र दिसलं की मी आधी हेच तपासतो.

गर्दीचा हिशेब एकदाच

दाणे खाली जातात तेव्हा तेवढंच पाणी वर येतं आणि बाकीच्या दाण्यांना अडवतं. रिचर्डसन आणि झाकी यांनी १९५४ मध्ये याला साधं रूप दिलं: एकट्या दाण्याचा वेग गुणिले द्रवाच्या वाट्याचा घात. हा घात अगदी मंद प्रवाहात ४.६५, वेगवान प्रवाहात २.४ च्या आसपास. आपल्या वाळूला पाण्यात तो सुमारे ३ येतो. १० टक्के वाळू असेल तर वेग ७३ टक्क्यांवर, २० टक्के असेल तर निम्म्यावर.

हे विसरलं तर वाळू लवकर बसते. पण मला जास्त वेळा उलटं सापडतं. दाणे आणि द्रव जोडणाऱ्या मॉडेलांत ड्रॅगची जी सूत्रं असतात, वेन-यू किंवा दी फेलिचे यांची, त्यांत गर्दीचा परिणाम आधीच धरलेला असतो. वर पुन्हा रिचर्डसन-झाकी लावला की तोच दंड दोनदा.

भिंतींचाही अडसर असतो. ५ मिमीच्या फटीत ०.६ मिमीचा दाणा मधोमध मंदपणे उतरत असेल, तर फॅक्सेनच्या सूत्राने वेग १२ टक्क्यांनी कमी होतो. पाण्यातल्या वेगवान दाण्याला हा परिणाम कमी, म्हणून हे सूत्र सरसकट गुणू नका. फट दाण्याच्या तिप्पटीच्या खाली गेली तर मात्र सूत्रं गुंडाळून ठेवा, तिथे दाणे कमान करून अडकतात.

जेलमध्येही बसते, तेव्हा

आता जी अडचण मला सगळ्यांत रंजक वाटते तिच्याकडे. द्रव पाण्याऐवजी जेल असतं, हाताने काढलेला वेग सेकंदाला ३ मिलिमीटर येतो, आणि तरीही मॉडेलमध्ये वाळू तोंडाशीच तळाला जाते.

हे जेल करतात ते ग्वार गमचं, म्हणजे गवारीच्या बियांतल्या गोंदाचं. आपण जिच्या शेंगांची शेंगदाण्याचं कूट घालून भाजी करतो तीच गवार. अमेरिकेतल्या शेल वायूच्या मागणीने तिला असा भाव आला की मार्च २०१२ मध्ये आपल्याकडे ग्वारचे वायदे बंद करावे लागले होते. असो. हे जेल ढवळलं की पातळ होतं. प्रयोगशाळेच्या कागदावरची व्हिस्कॉसिटी बहुधा व्हिस्कोमीटरच्या ३०० फेऱ्यांवरची असते, म्हणजे ५११ प्रति सेकंद इतक्या कातरणीवरची (कातरणी म्हणजे द्रवाचे थर एकमेकांवरून घसरण्याचा दर). संथ उतरणारा दाणा जेलला कातरतो सेकंदाला ५ च्या घरात. तिथे जेल कितीतरी घट्ट असतं. त्याच वेळी जेल फटीतून पुढेही वाहत असतं, आणि आपल्या फटीत भिंतीलगत ती कातरणी १२० च्या आसपास जाते, मधोमध शून्य. दोन्ही मिळून धरायच्या. कागदावरचा एकच आकडा सगळीकडे घातला तर दाणा हमखास लवकर बुडतो.

एवढं नीट करूनही वाळू बुडाली, तर ती दाण्यादाण्याने बुडत नाहीये. अख्खी स्लरी खाली सरकतेय. शेजारी स्वच्छ जेल आणि इकडे वाळूने जड झालेलं जेल. जड जेल हलक्याखाली शिरतं, दाणे त्याच्यातच बसून जातात. या सरकण्याच्या वेगाची वरची मर्यादा सोपी आहे: घनतेतला फरक, गुणिले गुरुत्वाकर्षण, गुणिले फटीच्या रुंदीचा वर्ग, भागिले व्हिस्कॉसिटीच्या बारापट. १० टक्के वाळू, ५ मिमी फट, व्हिस्कॉसिटी ०.१ पास्कल-सेकंद घाला. सेकंदाला ३.४ सेंटीमीटर. एकट्या दाण्याच्या दहापट! म्हणून जेलमध्ये दाण्याचा ड्रॅग सुधारत बसणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

आणि इथेच जाळीची चूक शिरते. फटीच्या रुंदीत जाळीचा एकच सेल, म्हणजे एकच चौकोन, ठेवला आणि दोन्ही भिंतींवर द्रव चिकटून राहतो असं सांगितलं, तर सॉफ्टवेअर वेगाचा उतार सेलच्या मध्यापासून भिंतीपर्यंत सरळ रेषेत धरतं. खरा उतार परवलयाचा असतो, भिंतीपाशी जास्त तीव्र. खऱ्या प्रवाहात भिंतींचा विरोध व्हिस्कॉसिटी गुणिले वेग भागिले रुंदीचा वर्ग याच्या बारापट. एका सेलमध्ये तो निघतो फक्त चारपट. म्हणजे भिंतींनी जी स्लरी धरून ठेवायची ती तिप्पट मोकळी सुटते, सेकंदाला १० सेंटीमीटरने खाली. दोन सेलमध्ये बाराच्या जागी ८ येतात, तीनमध्ये ९.८, पाचमध्ये ११.१. कागदावर करून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे: सेल किती असतील त्या आकड्याचा वर्ग करा, २ ला त्याने भागा, १ मिळवा, आणि १२ ला त्याने भागा.

"मग पाच सेल टाकते," असं ती मुलगी म्हणाली. टाकता येत नाहीत. दाणे सेलपेक्षा लहान धरणाऱ्या पद्धतीत सेल दाण्याच्या निदान तिप्पट हवा, म्हणजे सुमारे २ मिमी. ५ मिमीच्या फटीत असे अडीच मावतात. भेग अशीच असते, ना दाण्याला पुरेशी रुंद, ना जाळीला. म्हणून रुंदीत एक सेल ठेवायचा, भिंती घसरत्या करायच्या आणि बारापट विरोध समीकरणात वेगळी संज्ञा म्हणून हाताने लिहायचा. भिंती चिकट्या ठेवून वर संज्ञाही घातली तर १२ च्या जागी १६ होतात. आमच्याकडे हेही झालेलं आहे.

एकदा बसलेली वाळू

हे मला कुठल्या पेपरातून कळलं नाही. आमच्या सोसायटीत एक काका आहेत, नदीच्या गाळाच्या कामात आयुष्य गेलेले, खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेतली नद्यांची मॉडेलं जवळून बघितलेले. एका रविवारी त्यांना लॅपटॉपवर आमचा ढीग दाखवला. तो छतापर्यंत वाढत चालला होता. काकांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "तुमची वाळू एकदा बसली की परत उठतच नाही का हो?"

उठत नव्हती. मॉडेलमध्ये बसलेल्या वाळूचा वेग शून्य करून टाकला होता, विषय संपला. खऱ्या फटीत ढीग वाढतो तशी वरची जागा अरुंद होते, तिथला प्रवाह वेगवान होतो, आणि एका उंचीला तो वरचे दाणे खरवडून पुढे नेतो. मग ढीग उंच होत नाही, लांब होतो. कर्न, पर्किन्स आणि वायंट यांनी १९५९ मध्ये काचेसारख्या पारदर्शक फटीत हेच दाखवलं होतं. नदीवाले हे शील्ड्सच्या आकड्याने बघतात: तळाला घासणारा ताण, भागिले दाण्याचा पाण्यातला जडपणा (घनतेतला फरक, गुणिले गुरुत्वाकर्षण, गुणिले व्यास). तो ०.०३ ते ०.०६ च्या वर गेला की दाणे हलू लागतात. तेवढी अट घातल्यावर आमचा ढीग छताखाली थांबला आणि पुढे सरकायला लागला.

पातळ पाण्यासारख्या द्रवाने काम करायचं असेल तर ही तपासणी मी सगळ्यांत आधी करायला सांगेन. तिथे वाळू बसणारच. ती बसून पुढे कशी सरकते एवढाच प्रश्न उरतो.

सॉल्व्हर खरंच कोसळत असेल तर

फार बोलण्यासारखं नाही. वाळूचा वाटा ०.६४ च्या वर गेलेला दिसला तर रचून बसण्याची मर्यादा नीट घातलेली नाही. दाणे बंदुकीच्या गोळीसारखे उडत असतील तर टाइम स्टेप, म्हणजे हिशेबाची वेळेतली पायरी, मोठी आहे. क्वार्ट्झचा खरा ताठपणा ठेवला तर ०.६ मिमीच्या दाण्याला रॅलेचा काळ (दाण्याच्या पृष्ठावरून लाट जायला लागणारा वेळ) सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या तिप्पट येतो, आणि पायरी त्याच्याही पाचव्या हिश्श्याची लागते. मिनिटभराच्या प्रवाहाला अशा शंभर कोटी पायऱ्या. म्हणून ताठपणा हजारोपटींनी कमी करतात. इथे तो चालतो, कारण दाणे एकमेकांवर आदळण्यापेक्षा द्रवात वाहतात जास्त. फक्त दाणे एकमेकांत किती घुसतायत ते बघत राहा, व्यासाच्या टक्क्याच्या आत असू द्या.

आणि शेवटी वस्तुमान. आत गेलेली वाळू, बाहेर आलेली, आत उरलेली, तीन आकडे दर पायरीला छापा. आमच्या अ‍ॅक्रिलिकच्या फटीचा डावा खालचा कोपरा एम-सीलचे तीन थर देऊनही गळतो, त्यातून बारीक वाळू थेंबाबरोबर येते. खाली घमेलं ठेवलंय. शुक्रवारी ते वाळवून ती मुलगी वजन करते आणि वहीत 'गळती' असा रकाना भरते. मागच्या आठवड्यात अकरा ग्रॅम भरली.